गेम स्टुडिओत इंटर्नशिप: पहिले काही आठवडे

युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर मोबाइल गेम बनवणाऱ्या स्टुडिओत इंटर्नच्या हाती आल्याआल्या नवं फीचर क्वचितच येतं. येतात ते मशीन सेटअप आणि बग.

सेटअप रखडतो तो बहुधा युनिटीच्या आवृत्तीमुळे. प्रोजेक्टसेटिंग्ज फोल्डरमधल्या प्रोजेक्टव्हर्जन फाइलमध्ये जी आवृत्ती लिहिली आहे तीच, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून, युनिटी हबमधून (युनिटीच्या आवृत्त्या इन्स्टॉल करणाऱ्या अ‍ॅपमधून) घ्या. अँड्रॉइड बिल्ड सपोर्टही तेव्हाच टिक करा. वरची आवृत्ती टाकली तर प्रोजेक्ट उघडतानाच फाइली बदलतात. पहिल्यांदा उघडताना सगळे असेट (चित्रं, आवाज, मॉडेल अशा फाइली) इम्पोर्ट होतात. प्रोजेक्ट मोठा असेल तर यात तासभरही जातो. अडकलंय समजून मध्येच बंद करू नका.

खरी फजिती गिटमध्ये, म्हणजे टीमच्या फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, होते. असेट्समधल्या प्रत्येक फाइलला जोडीची मेटा फाइल असते आणि तिच्यात त्या फाइलची ओळख असते. सीन (गेममधला एक पडदा किंवा लेव्हल) आणि प्रीफॅब (पुन्हा पुन्हा वापरायचा तयार घटक) चित्राला नावाने नाही, या ओळखीने शोधतात. चित्र कमिट केलं (गिटमध्ये नोंदवलं) आणि मेटा राहिली, तर दुसऱ्याच्या मशीनवर नवी ओळख तयार होते आणि सीनमध्ये 'मिसिंग' दिसतं. तुमच्याकडे सगळं ठीक चालतं, म्हणून चूक लवकर कळतही नाही. फाइलचं नाव किंवा जागा बदलायची ती याच कारणाने युनिटीच्या आत, विंडोज एक्सप्लोररमध्ये नाही. लायब्ररी आणि टेम्प फोल्डर कमिट करू नका. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब (गिटचे प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवण्याची साइट) घेतच नाही, आणि पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट करून भागत नाही, कारण ती इतिहासात राहते. म्हणून एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणारी गिटची जोड) आधी लावा, फाइल नंतर टाका.

एकाच सीनवर दोघांनी काम केलं की मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, रडकुंडीला येतं. आपला भाग वेगळ्या प्रीफॅबमध्ये ठेवा, सीन उघडण्याआधी टीमच्या चॅटवर सांगा. कमिटपूर्वी डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) वाचा. हात न लावलेला सीन त्यात दिसला तर तो बदल टाकून द्या.

बग नोंदवताना बिल्ड क्रमांक (गेमच्या तयार प्रतीचा नंबर), फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि दहापैकी किती वेळा झालं, एवढं द्या. सोबत व्हिडिओ आणि लॉगकॅट, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या नोंदी. 'कधीकधी हँग होतो' एवढ्यावर कुणीही काम करू शकत नाही. मराठी-हिंदी मजकूर असेल तर 'कि', 'र्क', 'क्ष' मुद्दाम तपासा: नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या घटकात) पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, जोडाक्षरं फुटतात. हा बग मराठी वाचणाऱ्यालाच आधी दिसतो.

गेम अडखळत असेल तर कॉम्प्युटरवरच्या युनिटी एडिटरमधल्या आकड्यांवर विसंबू नका. डेव्हलपमेंट बिल्ड (तपासणीसाठीची गेमची प्रत) ऑफिसातल्या सर्वात स्वस्त फोनवर टाका आणि प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) जोडा. ६० एफपीएससाठी (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. सरासरी चांगली असूनही मध्येच झटका बसत असेल, तर अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये) दर वेळी नव्या स्ट्रिंग किंवा लिस्ट तयार होत आहेत का ते आधी पाहा. वापरून झालेल्या या गोष्टींचा मेमरीतला कचरा साफ करताना फ्रेम लांबते. वीस मिनिटं सलग खेळून पाहा, कारण फोन तापला की प्रोसेसर वेग उतरवतो.

अर्धा तास अडलात तर विचारा, पण काय काय करून पाहिलं ते सांगून.

गोपनीयतेच्या करारावर सही असते, म्हणून स्क्रीनचा फोटो स्टेटसवरही नको. पोर्टफोलिओत काय दाखवता येईल हे शेवटच्या आठवड्यात लीडला ईमेलने विचारा. तोंडी 'चालेल' पुरेसं नाही.