व्हिडिओ करणाऱ्या कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

राजारामपुरीत माझ्याकडे एडिटिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कुठल्या ॲपवर जास्त पैसे मिळतात?" सगळी गडबड इथूनच सुरू होते.

पैसे बघून ॲपला बांधून घेणं

29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची सुरुवातच इथून केली. मोज, जोश ही छोट्या व्हिडिओची देशी ॲपही धावली. मोकळी झालेली पोरं आपल्याकडे ओढायची होती, म्हणून पैसे सुटले. असे पैसे कायमचे नसतात. यूट्यूबनं 2021 मध्ये शॉर्ट्ससाठी दहा कोटी डॉलरचा फंड काढला आणि फेब्रुवारी 2023 पासून त्याऐवजी जाहिरातीतला वाटा सुरू केला.

गंगावेशीकडचा एक पोरगा लाल मातीतल्या कुस्त्या फार देखण्या टिपायचा. एका नव्या ॲपनं त्याला महिन्याला ठरावीक रक्कम कबूल केली. अट अशी की व्हिडिओ दुसरीकडे कुठं टाकायचा नाही आणि सगळे हक्क कंपनीचे. त्यानं न वाचता सही ठोकली. आधी पैसे थांबले, मग ॲपच बंद पडलं. फोन भरला म्हणून मूळ फाइली त्यानं कधीच पुसल्या होत्या. त्यात एका म्हाताऱ्या वस्तादांची मुलाखत होती. वस्ताद आता नाहीत. मला आजही त्याची हळहळ वाटते.

मी करारात आधी तीनच गोष्टी शोधतो: हक्क कुणाचे, किती काळ आणि ॲप बंद पडलं तर काय. मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही.

शिक्क्यासकट व्हिडिओ उचलून दुसरीकडे टाकणं

दुसऱ्या ॲपचा लोगो असलेल्या रील्स कमी लोकांना दाखवू, हे इन्स्टाग्रामनं 2021 मध्येच सांगितलंय. एडिट बाहेर करा, कोरी फाइल ठेवा.

शॉर्ट्सच्या व्ह्यूजवर पगाराची स्वप्नं

यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के तुमचे. शॉर्ट्सला 45 टक्के, तेही सगळ्यांच्या सामायिक रकमेतून. जाहिरातीच्या पैशासाठी 1000 सबस्क्रायबर तर लागतातच, शिवाय लोकांनी बारा महिन्यांत 4000 तास व्हिडिओ बघितलेले हवेत, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या 4000 तासांत धरत नाहीत. घाईच्या पोरांना हेच ठाऊक नसतं.

विकतचे सबस्क्रायबर

घेऊ नका. यूट्यूब ते काढून टाकतं, चॅनेलही जाऊ शकतं.