बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने: प्यायचं कसं, खायचं कसं

बॅरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर केलेली शस्त्रक्रिया. ती करून घरी आल्यावर पहिली अडचण येते ती पाण्याची. तिचे दोन नेहमीचे प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढलेला असतो आणि उरलेल्या नळीत 100 ते 150 मिली मावतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात; ही पिशवी तर साधारण 30 मिलीचीच. त्यात आतून सूज. तरी शरीराला दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागतोच. तो पोटात न गेल्याने पुन्हा दवाखाना गाठावा लागणं ही पहिल्या महिन्यातली नेहमीची गोष्ट.

30 मिलीचा मापाचा छोटा कप घ्या. एक कप 15 मिनिटांत, तीन-चार घोटांत संपवायचा. म्हणजे तासाला 120 मिली आणि जागेपणीच्या 14 तासांत जवळपास 1.7 लिटर. मोबाइलवर गजर लावा, कारण तहान लागेपर्यंत थांबलात तर एकदम गटागटा प्यावंसं वाटतं आणि नेमकं तेच आता जमत नाही. गार पाण्याने छातीत कळ येत असेल तर कोमट घ्या. स्ट्रॉने हवा पोटात जाते, सोड्याने पोट फुगतं, दोन्ही बंद. लघवी गडद पिवळी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली की पाणी कमी पडतंय.

खाण्याच्या पायऱ्या साधारण अशा असतात: एक-दोन दिवस गाळलेले पातळ द्रव, मग दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत दूध, पातळ सूप, प्रथिनांची पावडर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्या-सहाव्यात काट्याने सहज चिरडता येईल असं मऊ, त्यानंतर हळूहळू नेहमीचं. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा. बरं वाटतंय म्हणून पायरी गाळू नका. टाके आतही असतात, ते दिसत नाहीत इतकंच.

दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 200 मिली दुधात साडेसहा. यावरून कळेल की सुरुवातीला पावडरशिवाय हा आकडा गाठणं कठीण. डब्यावर वाचताना चमच्याचं वजन आणि त्यातली प्रथिनं यांची गल्लत होते. 30 ग्रॅमच्या चमच्यात 30 ग्रॅम प्रथिनं नसतात. ताटातही आधी अंडं, मासा, दही किंवा डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात किंवा ब्रेड.

घास अंगठ्याच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला, आणि तो गिळेपर्यंत चमचा खाली ठेवलेला. जेवणाला 20 ते 30 मिनिटं द्या. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. ‘पोट भरलं’ ही जुनी खूण आता विसरा. नवी खूण म्हणजे छातीच्या हाडामागे दाब, उचकी किंवा अचानक वाहू लागलेलं नाक. तिथेच थांबायचं. त्यानंतरचा एक घास उलटी करवतो. पुन्हा गरम केलेलं कोरडं चिकन आणि मऊ ब्रेडचा गोळा हे अडकण्यात अव्वल.

आइस्क्रीम, बिस्किटं, चिप्स मात्र कुठेच अडकत नाहीत. विरघळतात आणि सरकतात. वजन परत चढतं ते बहुतेकदा याच वाटेने. बायपासनंतर गोड खाल्लं की 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. तासा-दोन तासांनी रक्तातली साखर उतरून थरथर सुटते ती निराळी. ती डॉक्टरांना सांगा.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनकाटा अडतो. आयुष्यभर काट्याशी भांडलेल्या माणसाचा धीर इथे सुटतो, पण हे बहुतेकांचं होतं. वजन आठवड्यातून एकदाच करा. तीन ते सहा महिन्यांदरम्यान केस गळतात, सहसा परत येतात.

मल्टिव्हिटॅमिन, बी12, डी आणि कॅल्शियम जन्मभर. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम, पण एका वेळी 500-600च, कारण त्याहून जास्त नीट शोषलं जात नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे डोस पहिल्याच दिवसांत कमी करावे लागू शकतात, तेव्हा घरी येण्याआधीच नवी यादी लिहून घ्या. दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर घेऊ नका, बायपासनंतर तर मुळीच नाही; जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूनेही तेच होतं.

विश्रांती घेऊनही नाडी 120च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा, टाक्यातून गळती असू शकते. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर थायमिनची (बी1 जीवनसत्त्वाची) कमतरता होऊन मेंदूला इजा होऊ शकते. सलाइन लावण्याची वेळ आली तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायला हवं, म्हणून आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.