सॅकमधले रात्रीचे सुके जेवण कसे निवडावे

उंचावरच्या मुक्कामात सुक्या जेवणातले कडधान्याचे दाणे आतून कडकच राहत, कारण ३००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून मी आता गोठवून वाळवलेले जेवण निवडतो. त्यातल्या बर्फाची थेट वाफ झाल्यामुळे बारीक छिद्रे राहतात आणि गरम पाणी गाभ्यापर्यंत लवकर पोहोचते. पाकीट घट्ट बंद करून लोकरी टोपीत गुंडाळावे आणि त्यावर छापलेल्या वेळेपेक्षा बराच अधिक वेळ थांबावे, म्हणजे दाणा दोन बोटांत सहज चिरडतो. ‘दोन जणांसाठी’ या उल्लेखापेक्षा मला १०० ग्रॅममागचे उष्मांक महत्त्वाचे वाटतात. ते ४०० किलोकॅलरींहून कमी असल्यास मी वरून तेल घालतो, कारण स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थांतून केवळ ४.