ट्रेल बाइकवर हात बसवताना: आधी मुरूम, मग वाळू, काळी माती सगळ्यात शेवटी

रोजच्या साध्या कम्युटर गाडीवरून छोट्या ट्रेल बाइकवर, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या गाडीवर, आलेल्या माणसाला पहिली धास्ती उंचीची वाटते. हीरो एक्सपल्स २०० ४व्हीची सीट ८२५ मिमीवर आहे, वजन १५८ किलोच्या आसपास, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. दोन्ही पाय पुरते टेकले पाहिजेत असा हट्ट सोडा आणि त्यासाठी सस्पेन्शन खाली करून घेऊ नका, त्याने खालची मोकळी जागा कमी होते. थांबताना कंबर सीटवर डावीकडे सरकवा, डावा पाय पक्का टेकवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहू द्या. हे घराच्या अंगणात जमतं.

पान्याची कामं आधी करून घ्या. फुटरेस्टवर उभं राहून हँडल धरा. मनगट न मोडता दोन बोटं क्लच आणि ब्रेकवर गेली पाहिजेत. जात नसतील तर लिव्हर थोडे खाली फिरवा. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट जोर लावून आवळू नका: गाडी पडली तर लिव्हर फिरला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. क्लचला टोकाशी १० ते १५ मिमी मोकळी चाल ठेवा. टायरची हवा रस्त्यासाठी पुस्तिकेत असेल तेवढी. मुरमावर उतरल्यावर ४-५ पीएसआय कमी केली की पकड लगेच बदललेली जाणवते. पण ट्यूबच्या टायरमध्ये २० च्या खाली जाऊ नका. दगडावर ट्यूब रिमला चेपून फाटते, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. म्हणून व्हॉल्व्हचा छोटा नट रिमला आवळून बसवू नका, वर टोपीजवळ ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की टायर सरकतोय हे कळतं. डांबरीवर परतण्याआधी हवा पुन्हा भरा.

शिकायला जागा माळरानाची. बालाघाटाच्या रांगेत किंवा अजिंठ्याच्या डोंगरालगत मुरमाचं मोकळं माळ शोधावं लागत नाही, आणि नवख्यासाठी त्याहून चांगली जमीन नाही: थोडी घसरते, पण अडकवत नाही. गौताळ्यासारख्या अभयारण्यात मात्र रस्ता सोडून चाक घालायचं नाही. शेतात उतरायचं तर मालकाला विचारून, पीक निघाल्यावरच, आणि ठिबकच्या नळ्या कुठून गेल्यात ते पाहून.

सुरुवात हळू चालवण्यापासून करा. गाडी बहुतेक वेळा पडते ती वेगात नाही, थांबता थांबता. पहिला गिअर, रेस थोडी आणि एकसारखी, क्लच अर्धा धरलेला, मागचा ब्रेक किंचित दाबलेला: या तिघांवर माणसाच्या चालीने २०-२५ पावलं सरळ जा. मागच्या ब्रेकमुळे क्लचचा झटका बसत नाही आणि गाडी सरळ राहते. मग दोन दगड ८ मीटरवर ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढा, जमला की अंतर ६ मीटरवर आणा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक ओढला की गाडी आडवी झालीच समजा. नजर पुढच्या दगडावर ठेवा, चाकाकडे पाहू नका. अर्धा क्लच फार वेळ धरल्यावर जळका वास आला किंवा क्लचची चाल बदलली तर १५-२० मिनिटं गाडी बंद ठेवा.

उभं राहून चालवणं हे ट्रेल बाइकचं खरं काम. पायाच्या चवड्यांवर उभे राहा, गुडघे टाकीला हलके टेकलेले, कोपरं बाहेर, डोकं हँडलच्या वर. वजन पायांत. हात दुखायला लागले तर समजा तुम्ही हँडलला लोंबकळताय. वळताना गाडी झुकवा, अंग सरळ ठेवा, बाहेरच्या फुटरेस्टवर दाब द्या. त्यानंतर ब्रेक: मुरमावर सरळ रेषेत पुढचा ब्रेक हळूहळू दाबत जा, आणि मुद्दाम मागचं चाक लॉक करून ते कसं घसरतं ते ओळखीचं करून घ्या. एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ऑफ-रोड मोड असेल तर इथे तोच लावा. सैल खड्यांवर रस्त्याच्या मोडमध्ये गाडी लांब जाऊन थांबते.

चढावर इंजिन बंद पडलं की नवखा क्लच दाबतो आणि गाडी मागे धावते. क्लच सोडून द्या, गिअर तसाच राहू द्या. मागचं चाक इंजिनच धरून ठेवतं. पुढचा ब्रेक दाबून डावीकडे उतरा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. आता क्लच थोडा दाबला की गाडी मागे सरकेल, सोडला की थांबेल. असं वीतभर वीतभर करत मागचं चाक डावीकडे घ्या. गाडी उताराला आडवी येईल आणि तुम्ही वरच्या बाजूला असाल. खालच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही. मग तोंड उताराकडे करून पहिल्या गिअरमध्ये खाली या.

गाडी पडली तर आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण, दाबा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा, नाहीतर ती उभी होऊन डावीकडे कोसळते. गाडी गिअरमध्ये ठेवा, पाठ सीटला लावून बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड धरा आणि पायांच्या ताकदीने छोटी पावलं मागे टाकत उठा. कंबर वाकवून ओढलं तर कंबर जाते. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत पडल्यावर इंजिन आपोआप बंद होतं; चावी बंद-चालू करून मग स्टार्ट मारा.

पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या लागतात, ऊसतोडीच्या दिवसांत तर ढोपरभर. चाकोरीत गेलात की तिच्यातच राहा, लांब बघा, पाय फुटरेस्टवर. बाहेर पडायचं ते काठ उथळ झाल्यावर आणि जरा मोठ्या कोनात. तिरकं तिरकं चढायला गेलात तर पुढचं चाक काठाला घासत राहतं आणि गाडी पाडतं. गोदावरी-मांजरेच्या वाळूत दुसरा गिअर, अंग किंचित मागे, रेस सोडायची नाही. रेस सोडली की पुढचं चाक रुतलं.

काळ्या रानात पाऊस झाल्यावर जाऊ नका. माती टायरला लपेटते, मडगार्डखाली दाटते, चाक फिरायचं थांबतं आणि ढकलता ढकलता क्लच जळतो. वाफसा येऊ द्या. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भेगाळते. चाकाच्या दिशेने गेलेली भेग चाक पकडते, म्हणून ती आडवी ओलांडा. ओढ्यात आधी पायी उतरून तळ बघा: शेवाळलेल्या खडकावर रेस नाही, ब्रेक नाही. पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल किंवा नळकांडी पुलावरून वाहत असेल तर मागे फिरा.

अनोळखी शिवारात सगळ्यात मोठी भीती दोन गोष्टींची. एक, गवतात लपलेली कठडा नसलेली विहीर. दुसरी, रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची (विजेच्या कुंपणाची) बारीक तार, जी संध्याकाळी दिसतच नाही. नव्या वाटेवर पहिली फेरी उजेडात आणि सावकाश.

बाभळीच्या काट्यांना इलाज नाही, तयारी आहे: २१ इंची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, ॲक्सलचा पाना, पंप. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे हा साइज बहुधा नसतो, आणि २१ ची ट्यूब अडीअडचणीला मागच्या १८ च्या चाकातही चालून जाते. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. मोडलेलं काट्याचं टोक तिथेच असतं. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट हवेतच. उन्हाळ्यात सकाळी ६ ते १० हीच वेळ, सोबत ३ लिटर पाणी.

परत आल्यावर चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून हलकं ल्युब द्या. जास्त दिलं तर फुफाटा चिकटतो. एअर फिल्टर उघडून बघा, कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. स्पोकवर पान्याने टिचकी मारत जा: बद्द वाजला तो ढिला.