लॉनमधला 'माका' माका नव्हताच

पावसाळ्यानंतर आमच्या लॉनमध्ये मधे पिवळी, कडेने पांढरट अशी फुलं उगवली. माळीकाका म्हणाले, "माका आहे, राहू द्या, केसांच्या तेलाला होईल." आई तर खोबरेल घेऊन तयारच!

मला शंका आली ती देठावरून. माक्याचं फूल छोट्या देठावर, पानाच्या बगलेत बसतं. इथे मात्र वीतभर उंच, केसाळ दांडीवर एकच फूल. कडेच्या पाकळ्या जेमतेम पाच-सहा, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. माक्याच्या पाकळ्या असंख्य, दोऱ्यासारख्या बारीक. मग पाला चुरगाळून पाहिला. माक्याचा रस थोड्या वेळात काळा पडतो, हा हिरवाच राहिला. म्हणजे ही एकदांडी, मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. काही जण हिला दगडी पाला म्हणतात.

आधी मी मशीनने कापून मोकळा झालो होतो. चूकच. फांद्या जमिनीलगत पसरतात, पेरांना मुळं फुटतात, पात्याखाली त्या येतच नाहीत. आता पाऊस पडून गेल्यावर खुरप्याने सोटमुळासकट काढतो, तेही बियांची पिसं उडायच्या आत. उघड्या पडलेल्या जागी लगेच हरळी लावली. आईचं तेल मात्र राहिलं.