संगणकाचे भाग शिकवताना संकल्पनाचित्र : या चुका टाळा

‘पुढील संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा प्रश्न बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांमुळे मुलांच्या परिचयाचा असतो आणि नेमकी तीच सवय संगणकाच्या तासाला आडवी येते. मध्यभागी ‘संगणक’ लिहून भोवती सीपीयू, रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड अशी नावे मांडली आणि रेघा ओढल्या की काम झाले असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती भागांची यादीच असते. १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत खरा भर बाणावर लिहिलेल्या शब्दांवर आहे, कारण दोन संकल्पना आणि त्यांच्यामधले शब्द मिळून एक पूर्ण विधान व्हायला हवे. म्हणून ‘जोडलेला आहे’ हे शब्द वर्गात सरळ वर्ज्य करावेत; मदरबोर्डला, म्हणजे संगणकातील मुख्य सर्किट बोर्डाला, सगळेच जोडलेले असते. ‘सीपीयू रॅममधील सूचना वाचून त्या पार पाडतो’ असे लिहिता आले, तर विषय कळला.

दुसरी चूक शिक्षकाच्या प्रश्नात असते. ‘संगणकाचे भाग कोणते?’ असे विचारल्यावर यादीच मिळणार. त्याऐवजी ‘फाइल सेव्ह करण्याआधी वीज गेली, तर काय जाते आणि काय उरते?’ असे विचारावे. मग रॅममधले पुसले जाते, डिस्कवरचे टिकते आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घरातील २३० व्होल्टचा एसी प्रवाह कमी व्होल्टच्या डीसीमध्ये बदलून सर्व भागांना पुरवतो, हे संबंध आपोआप कागदावर येतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, की मग संगणकाचे घड्याळ वीज गेल्यावरही बरोबर वेळ कसे दाखवते? तिथून मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीकडे नवा बाण निघतो.

बरीच मुले, आणि खरे तर अनेक मोठी माणसेही, संपूर्ण कॅबिनेटलाच (बाहेरच्या पेटीलाच) सीपीयू म्हणतात. अशा चित्रात हार्ड डिस्क सीपीयूच्या पोटात जाऊन बसते. फळ्यावर सांगून हा गैरसमज जात नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करून एखादा जुना, बंद पडलेला मदरबोर्ड आणावा, पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढून त्याखालची चौकोनी चिप, म्हणजे खरा सीपीयू, मुलांना दाखवावी आणि मगच चित्र दुरुस्त करायला सांगावे. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागात) काही काळ धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

रॅम आणि साठवण यांतला घोळ मोबाइलमुळे वाढला आहे, कारण खोक्यावरील ‘८ जीबी’ (रॅम) आणि ‘१२८ जीबी’ (साठवण) या दोन्हींना मुले ‘मेमरी’च म्हणतात. ‘फोटो वाढल्याने रॅम भरते’ असा बाण आला, तर तो लाल शाईने खोडू नये. फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर फोटो कुठून परत आले, एवढे विचारावे आणि बाण विद्यार्थ्यालाच हलवू द्यावा. यासाठी नावे सुट्या चिठ्ठ्यांवर आणि बाण पेन्सिलीने असलेले बरे.