नवी गाडी लीजवर घेतली आणि लगेच पस्तावलात? लीज ट्रान्सफर करताना या चुका टाळा

अमेरिकेत नवी गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक महिन्यांसाठी हप्त्याने वापरायला, घेतली की पहिल्याच आठवड्यात बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. हप्ता जास्त वाटायला लागतो, कोणीतरी सांगतं की अरे मला तर तीच गाडी महिना ७० डॉलर कमीत मिळाली, किंवा घरी आल्यावर लक्षात येतं की मुलांच्या दोन कार सीट लावल्या की मागे आजीला बसायला जागाच उरत नाही. मग रात्री जागून यातून बाहेर कसं पडायचं ते शोधणं सुरू होतं, आणि खरं नुकसान बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं, कारण घाबरून घाईघाईत जे केलं जातं ते मूळ लीजपेक्षाही महाग पडतं.

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज म्हणजे "तीन दिवसांत गाडी परत करता येते". नाही करता येत. एफटीसीचा (ग्राहक संरक्षण बघणारी अमेरिकेची सरकारी संस्था) तीन कामाच्या दिवसांत सौदा रद्द करू देणारा कूलिंग-ऑफ नियम आहे हे खरं, पण तो तुमच्या घरी येऊन किंवा हॉटेल, प्रदर्शन अशा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे, डीलरच्या शोरूममधे बसून केलेल्या सह्यांना तो लागू होत नाही. काही राज्यांत वापरलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत, पण नव्या गाडीच्या लीजमधे त्यांच्यावर विसंबू नका. डीलर स्वतःहून परत घेईल म्हणाला असेल तर ते लिहून दिलंय का तेवढं बघा, तोंडी शब्दाला इथे काही किंमत नाही. एक मात्र वेगळं. गाडी नेल्यानंतर काही दिवसांनी डीलरचाच फोन आला की "तुमचं फायनान्सिंग मंजूर झालं नाही, येऊन जास्त हप्त्याच्या नव्या कागदांवर सह्या करा", तर लगेच सही करू नका. अशा वेळी गाडी परत करून डाउन पेमेंट आणि एक्सचेंजमधे दिलेली जुनी गाडी परत मागता येते का ते आधी विचारा, पस्तावलेल्या माणसासाठी ही चांगली संधी असते.

दुसरी गोष्ट, नेमका पस्तावा कशाचा आहे ते न ठरवताच लोक गाडी काढायला निघतात. गाडी आवडली नाही हे एक, हप्ता झेपत नाही हे दुसरं, आणि नोकरी गेली किंवा देश सोडायची वेळ आली हे तिसरं. हप्त्याचाच प्रश्न असेल तर आधी कॉन्ट्रॅक्टमधे काय काय घुसवलंय ते बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी, टायर-व्हील पॅकेज, प्रीपेड मेंटेनन्स असली जोडलेली उत्पादनं बऱ्याचदा सुरुवातीच्या काही आठवड्यांत रद्द करून पैसे परत मिळतात, फक्त हे पैसे लीजमधेच धरलेले असतील तर परतावा सहसा लीज कंपनीच्या (गाडीची मालक, जिला तुम्ही हप्ता भरता) खात्यात जातो आणि महिन्याचा हप्ता तेवढाच राहतो, तेव्हा रद्द करायच्या आधी पैसा कुठे जाणार ते विचारून घ्या. मनी फॅक्टरही बघा, म्हणजे लीजमधलं व्याज ज्या आकड्यात लिहितात तो. त्याला २४०० ने गुणलं की साधारण वार्षिक व्याजदर कळतो, म्हणजे ०.००२५० असेल तर ६ टक्के. सह्या झाल्यावर हा आकडा बदलत नाही हे मान्य, पण आपल्याला महाग पडलंय की नुसतं तसं वाटतंय हे तरी कळतं. आणि तक्रार फक्त "रंग काळा घ्यायला हवा होता" एवढीच असेल तर माझं स्पष्ट मत आहे की महिनाभर काहीच करू नका.

आता कॉन्ट्रॅक्ट उघडा, खरंच उघडा, पीडीएफ फोनमधे पडून राहिलीय ती. १९७६ च्या कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्टमुळे लीज लवकर मोडण्याबद्दलची सूचना त्यात छापावीच लागते, आणि ती सूचना काही आडून बोलत नाही: लीज लवकर संपवलीत तर मोठी रक्कम भरावी लागू शकते, ती काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकते, आणि जितक्या लवकर संपवाल तितकी ती जास्त असण्याची शक्यता. म्हणजे नव्या कोऱ्या लीजचा पस्तावा हा सगळ्यात महागडा पस्तावा. असं का, तर सुरुवातीला गाडीची बाजारातली किंमत भराभर उतरते आणि तुमच्या हप्त्यांतून मात्र अजून फारसं काही फिटलेलं नसतं.

आकड्यात बघू. समजा पेऑफ, म्हणजे लीज आज संपवायला लागणारी एकूण रक्कम, ४१,००० डॉलर आहे आणि परत दिलेली गाडी लिलावात ३५,५०० ला गेली, तर ५,५०० चा फरक तुमच्या डोक्यावर, वर फी वेगळी. चावी नेऊन दिली की सुटलो असं समजणारे इथेच फसतात. फरक वसूल केला जातोच आणि गाडी सोडून दिल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्ज-हप्त्यांच्या इतिहासावर) ७ वर्षांपर्यंत राहू शकते. डीलर म्हणतो "काही काळजी करू नका, हा फरक आम्ही नव्या लीजमधे घालतो", ते तर अजूनच वाईट, कारण तेच ५,५०० आता ३६ महिन्यांत वाटून महिना १५० डॉलरच्या वर जातात आणि वर त्यावर व्याज. न आवडलेली गाडी गेली तरी तिचे पैसे तुम्ही भरतच राहता.

म्हणून लीज ट्रान्सफर, म्हणजे उरलेले महिने दुसऱ्या कोणाच्या नावावर करणं, हा पर्याय बऱ्याच जणांना स्वस्त पडतो. पण सगळ्या लीज कंपन्या ते करू देत नाहीत, काही पहिले काही महिने किंवा शेवटचे काही महिने देत नाहीत, काही फक्त ठरावीक राज्यांत देतात. लोक आधी स्वॅपअलीज किंवा लीजट्रेडर अशा लीज ट्रान्सफरच्या वेबसाइटवर पैसे भरून जाहिरात टाकतात आणि मग लीज कंपनीला फोन करतात, हा क्रम उलटा आहे. आधी फोन करा आणि विचारा की ट्रान्सफर चालते का, कधीपासून, फी किती, समोरच्याचं क्रेडिट किती लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रान्सफर झाल्यावर माझी जबाबदारी पूर्ण संपते का.

हा शेवटचा प्रश्न कोणी विचारतच नाही आणि माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. काही कंपन्या नवा माणूस घेतात पण मूळ माणसालाही धरून ठेवतात, म्हणजे त्याने हप्ते बुडवले किंवा गाडी ठोकून दिली तर मागणी तुमच्याकडे येणार. अशा अटीवर अनोळखी माणसाला लीज देणं म्हणजे वर्ष-दोन वर्षं त्याला जामीन राहणं, आणि मी तरी कोणाला तसं करा म्हणून सांगणार नाही. उत्तर ईमेलवर किंवा पत्रात मागा, फोनवरच्या माणसाचं "हो हो" पुरेसं नाही.

आणि कृपा करून तो "आपापसात" व्यवहार करू नका, म्हणजे गाडी मित्राला वापरायला द्यायची आणि तो दर महिन्याला तुम्हाला पैसे पाठवणार असा. मित्र कितीही चांगला असू दे. कंपनीच्या परवानगीशिवाय गाडी दुसऱ्याला देणं सहसा कॉन्ट्रॅक्टचा भंग असतो, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि कॅलिफोर्नियात तर बेकायदा सबलीजिंगबद्दल (लीजवरची गाडी परस्पर दुसऱ्याला देण्याबद्दल) पीनल कोडमधे, म्हणजे फौजदारी कायद्यात, कलमंच आहेत.

जाहिरातीला फोनच येत नाहीत ही नेहमीची तक्रार, आणि कारण बहुतेक वेळा हप्ताच. तुमचा हप्ता ५२० आणि तीच गाडी आज डीलर ४७० ला देत असेल तर कोणी तुमच्याकडे का येईल? ३४ महिने उरले असतील तर हा फरक १,७०० डॉलरचा झाला, साधारण तेवढी रक्कम समोरच्याला रोख द्यायची तयारी ठेवली तर हालचाल होते. खिशातून जातात म्हणून जीवावर येतं, पण वरच्या ५,५०० शेजारी ठेवून बघा. डाउन पेमेंट भरलं असेल तर ते नव्या माणसाकडून वसूल होईल ही आशा सोडा, त्यामुळे तुमचा हप्ता आधीच कमी झालाय आणि तेच तुमच्या जाहिरातीचं बळ आहे. मायलेजही नीट लिहा. वर्षाला १२,००० मैलांची मर्यादा असलेली तीन वर्षांची लीज असेल आणि दोन महिन्यांत ४,००० मैल पळवली असेल तर पुढच्याला महिन्याला १,००० नाही तर साधारण ९४० मैलच उरतात, आणि हे तो स्वतः मोजणारच आहे. "गिऱ्हाईक तयार आहे, आधी फी भरा" म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या.

गिऱ्हाईक मिळालं की त्याचा क्रेडिट अर्ज लीज कंपनीकडे जातो, आणि मंजुरीची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत चावी द्यायची नाही, विमा बंद करायचा नाही, हप्ता चुकवायचा नाही. मधेच एखादा हप्ता आला तर तो तुमचाच. चावी देताना दोघांनी मिळून गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचा आणि टायरचा पण, कारण ओरखडा कोणाच्या वेळचा यावर नंतर वाद होतात. टोलचा टॅग काढून घ्या, गाडीच्या अ‍ॅपमधून तुमचं अकाउंट काढा, फोनचे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुसा. नंबर प्लेटचं राज्यागणिक वेगळं आहे, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत प्लेट माणसाकडे राहते तर कॅलिफोर्नियात साधी प्लेट सहसा गाडीबरोबर जाते, आणि काही ठिकाणी टॅक्सचाही प्रश्न येतो, म्हणून डीएमव्हीला (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याला) आधी विचारा.

हे झालं की लीज कंपनीकडून जबाबदारी संपल्याचं पत्र घ्या, बँकेतला ऑटोपे बंद करा, मगच विमा बंद करा. महिना-दीड महिन्याने अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर, तिथे दर आठवड्याला फुकट रिपोर्ट मिळतो, तिन्ही क्रेडिट ब्युरोंच्या (ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या) रिपोर्टवर ती लीज बंद दिसतेय का ते बघा. दिसत नसेल तर त्या पत्राची कॉपी लावून डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका, आणि दुसऱ्या गाडीचा अर्ज त्यानंतरच करा, नाहीतर दोन गाड्यांचे हप्ते धरून तुमचा अर्ज नाकारला जाऊ शकतो.